इंग्लंडमध्ये माझा पगार ५८,००० पौंड आहे. टॅक्स वाचवायला सॅलरी सॅक्रिफाइसने पेन्शनला किती टाकू, आणि बायकोचंही तसंच करू का?

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्या भागाने माझी जुनी खपली काढली. म्हणून पहिलं आधी उरकतो.

पगाराचा काही भाग सोडून ५०,२७० पर्यंत खाली या, कारण ४० टक्के टॅक्स त्याच्या वरच लागतो. म्हणजे वर्षाला ७,७३० पौंड, पगाराच्या साधारण १३.३ टक्के. आत्ता पेन्शनला जे काही याच मार्गाने जातंय ते यातच धरा. या स्लॅबमध्ये ४० टक्के टॅक्स आणि २ टक्के एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) वाचतो, म्हणजे पेन्शनमध्ये १०० पौंड पडतात तेव्हा हातातले ५८च जातात. त्याच्या खाली टॅक्स २० आणि एनआय ८, म्हणजे १०० साठी ७२ मोजायचे. तेही वाईट नाही, पण त्याची घाई नको. कंपनीचाही १५ टक्के एनआय वाचतो, तुमच्या बाबतीत वर्षाला साडेअकराशे पौंडांच्या वर. त्यातलं किती माझ्या पेन्शनमध्ये टाकणार, असं एचआरला सरळ विचारा. काही कंपन्या टाकतात, बाकीच्या गपचूप खिशात घालतात.

आता बायकोचं. तुम्ही लिहिलंय की तिचा पगार चाळीसच्या आसपास आहे आणि वर्षभरात मुलाचा विचार आहे. थांबा. मी नेमकं हेच केलं होतं.

जानेवारी २०२३. आम्ही रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बायकोचा पगार ४२,०००, महिन्याला ३,५००. मी एका रविवारी एक्सेल उघडून बसलो आणि तिचे २० टक्के, म्हणजे महिन्याला ७००, पेन्शनला वळवायचं ठरवलं. तेव्हा एनआय १२ टक्के होता. टॅक्स धरून महिन्याला २२४ पौंड वाचत होते. तिने एकच प्रश्न विचारला, "उद्या मूल झालं तर मॅटर्निटी पे कशावर धरतात?"

मी म्हणालो, "तुझ्या पगारावर. पगार कुठे बदललाय? थोडा पेन्शनला जातोय इतकंच."

पगार बदलला होता. सगळी मेख तिथेच आहे. ही पगारातून कापलेली वर्गणी नसते. तुम्ही सही करून पगारच कमी करून घेता आणि कंपनी तेवढे पैसे स्वतःचे म्हणून पेन्शनमध्ये भरते. त्या सहीनंतर कागदावर तिचा पगार २,८०० होता. पगारावर जे जे मोजलं जातं ते सगळं या आकड्यावर मोजलं जाणार.

मॅटर्निटी पे पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतो. ही सरासरी काढतात गरोदरपणाच्या साधारण १७ ते २५ व्या आठवड्यांतल्या पगारावरून. मिडवाइफ मॅट-बी-वन फॉर्म, म्हणजे गरोदरपणाचा दाखला, देते तोच विसाव्या आठवड्यानंतर. आम्ही तो एचआरला दिला तेव्हा निम्मा काळ सरला होता, आणि असा काही काळ असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी स्लिप आली. बाळ तीन आठवड्यांचं. बायको एका हाताने त्याला खांद्यावर थोपटत होती आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी फोनवर पीडीएफ मोठी करत होती. "आठवड्याला ७२६ यायला हवेत ना रे? हे ५८१ काय आहे?" मी गणित परत मांडलं. ३,५०० च्या जागी २,८०० घातले की बरोबर ५८१ येत होते. सहा आठवड्यांत ८७२ पौंडांचा खड्डा, टॅक्सच्या आधी. त्याच आठवड्यात आमचा ड्रायर बंद पडला होता आणि घरभर रेडिएटरवर दुपटी वाळत होती. नवा ड्रायर क्रेडिट कार्डावर आणला. सासूबाई बाळंतपणासाठी आलेल्या. ओट्यापाशी अळिवाचे लाडू वळत त्यांनी सगळं ऐकलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

बोलायचं काम दादाने केलं. दादा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, सांगलीत बँकेत आहे. व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "भावोजी, इथे लोक कर्ज जास्त मिळावं म्हणून पगार फुगवून सांगतात. तुम्ही सही करून कमी करून घेतलात?" वर हसला. ते हसणं मी विसरलेलो नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि हा भाग दादा कधी कुणाला सांगत नाही. जानेवारीत मी पेन्शनचं ॲप उघडलं तर दरमहा ७०० ऐवजी दीडशेच्या आसपास जमा होत होते. कंपनी मॅटर्निटी पेचे २० टक्के भरत होती. मी सरकारी गाइडन्स काढून वाचला. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये पेन्शनचे पैसे कंपनीचे असतात, आणि पगारी रजेचे ३९ आठवडे कंपनीने ते बाई रोज कामावर येत असल्यासारखेच भरायचे असतात. मॅटर्निटी पेमधून एक पेनीही वळती करता येत नाही. बायकोच्या नावाने मेल लिहिला. उत्तर आलं, सॅलरीच नाही तर सॅक्रिफाइस कसला. दुसरा मेल, गाइडन्सचा परिच्छेद चिकटवून. तिसरा मेल, पेरोलच्या साहेबांना कॉपी करून. फेब्रुवारीत मागची सगळी थकबाकी जमा झाली आणि पुढेही पूर्ण रक्कम येत राहिली. पगारी रजेचे नऊ महिने गुणिले ७००, म्हणजे एकूण ६,३००. तिच्या खिशातून शून्य.

८७२ गेले, ६,३०० आले. दादाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने विचारलं, "हातात कधी येणार?" मी लिहिलं, ५७ व्या वर्षी. त्यावर नुसता अंगठा. बायको तर आजही त्या यंत्राला 'तुझ्या एक्सेलचा ड्रायर' म्हणते.

तर तुमच्या बायकोसाठी माझं मत असं. आत्ता खुशाल टाका. मुलाची चाहूल लागली की सतराव्या आठवड्याच्या आत रक्कम किमान पातळीवर आणा. पंचविसावा उलटला की पुन्हा वाढवा, कारण रजेत कंपनी भरते ते रजेआधीच्या पातळीवर. याला कुणी लबाडी म्हणालं तर म्हणू द्या, नियम मी केलेले नाहीत. मात्र काही ठिकाणी वर्षातून एकदाच बदल करू देतात, तेव्हा सही करण्याआधी 'गरोदरपणात बदल करता येईल का' हे मेलवर लिहून घ्या. तोंडी नको. आणि बँकेत दोन-तीन महिन्यांचा घरखर्च नसेल तर यातलं काहीच करू नका.

इलेक्ट्रिक गाडीही सॅलरी सॅक्रिफाइसनेच घेऊ का असंही विचारलंय. मी घेणार नाही. नोकरी सुटली की ती परत करायची, वर मुदतीआधी परत केल्याचा दंड आहे का तेही बघायचं.

राहिलेल्या गोष्टी. हा पैसा आज ५५ व्या वर्षापर्यंत अडकतो, एप्रिल २०२८ पासून ५७ पर्यंत, आणि भारतात परतलात म्हणून आधी मिळत नाही. काढताना चौथा हिस्सा करमुक्त, बाकीच्यावर टॅक्स आहेच. सॅक्रिफाइसनंतरचा पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. व्हिसावर असाल तर स्पॉन्सरशिपच्या पगाराचं आधी एचआरकडून नक्की करून घ्या. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालंय की एप्रिल २०२९ पासून वर्षाला पहिल्या २,००० पौंडांवरच एनआय वाचेल. इन्कम टॅक्सचा फायदा तसाच राहतो, त्यामुळे तुमच्या ४० टक्क्यांच्या स्लॅबला फारसा धक्का नाही. कंपनीला मात्र बसेल, तेव्हा तिच्या वाट्यातलं काही मिळत असेल तर ते तोवरच.

आणि घर. घराचं कर्ज काढणार असाल तर आधी ब्रोकरला विचारा. काही बँका मूळ पगार धरतात, काही स्लिपवरचा. गेल्या वर्षी आम्ही ज्या बँकेकडे गेलो तिने बायकोचे ४२,००० नाही, ३३,६०० धरले. साडेचार पटीच्या हिशोबाने कर्ज ३७,८०० ने कमी. तीन महिने सॅक्रिफाइस बंद ठेवून, स्वच्छ स्लिपा जमवून पुन्हा अर्ज केला, तेव्हा घर झालं.

हे सांगलीला कळवलेलं नाही.