मँगिफेरिन आणि बीएसए: फ्लुओरेसन्स निम्म्यावर आली म्हणजे बाइंडिंग झालंच असं नाही

तुम्ही रत्नागिरीहून विचारलंय, की हापूसच्या पानांतून काढलेलं मँगिफेरिन हे संयुग बीएसएच्या (गाईच्या रक्तातलं ॲल्ब्युमिन प्रोटीन) द्रावणात थोडंथोडं घातलं, २९५ नॅनोमीटरला एक्साइट केलं, ३४० च्या आसपासचा पीक निम्म्यावर आला आणि स्टर्न-व्होल्मरचा आलेखही (मूळ तीव्रता भागिले मोजलेली तीव्रता, मँगिफेरिनच्या प्रमाणासमोर) सरळ मिळाला. मग बाइंडिंग, म्हणजे मँगिफेरिन प्रोटीनला चिकटणं, सिद्ध झालं ना? अजून नाही. आधी त्याच सॅम्पल्सचा यूव्ही ॲब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो ते, घ्या.

मँगिफेरिन साधारण २५८, ३१६ आणि ३६६ नॅनोमीटरला जोरात शोषतं. म्हणजे तुम्ही सोडलेला प्रकाशही तेच खातं आणि प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅन या चमकणाऱ्या अमिनो आम्लाकडून येणारा प्रकाशही वाटेत तेच खातं, प्रोटीनला न शिवता. हाच इनर फिल्टर इफेक्ट. एक्सायटेशन आणि एमिशन अशा दोन्ही तरंगलांबींवर मँगिफेरिनमुळे वाढलेला ॲब्सॉर्बन्स मोजा, बेरजेची निमपट करा, १० चा तेवढा घात काढा आणि मोजलेल्या तीव्रतेला त्याने गुणा. दोन्हीकडे ०.३ आला, तर गुणक २ होतो. तुमची सगळी घट तिथेच संपली! ०.१ असला तरी पाचवा हिस्सा जातोच.

सरळ रेषेवरही विसंबू नका. मँगिफेरिन समान टप्प्यांत वाढवलं, तर नुसत्या शोषणाने त्या आलेखातलं गुणोत्तर १, १.४१, २ असं चढतं. खरी सरळ रेषा असती तर मधला आकडा १.५ आला असता. पाच-सहा बिंदूंत एवढा बाक डोळ्याला कळत नाही. लाइफटाइम (चमक टिकण्याचा काळ) बदलला नाही म्हणून क्वेंचिंग (चमक विझणं) स्टॅटिक, म्हणजे रेणू चिकटल्यामुळे, हा युक्तिवादही इथे लंगडा पडतो, कारण इनर फिल्टरनेही लाइफटाइम बदलत नाही. इतके पेपर या एका दुरुस्तीवाचून निघतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून एक कंट्रोल कराच. बीएसएच्या जागी एन-ॲसिटाइल ट्रिप्टोफॅनामाइड (प्रोटीनशिवायचा, ट्रिप्टोफॅनसारखा सुटा रेणू) घ्या आणि मँगिफेरिन त्याच प्रमाणात घाला. दुरुस्तीनंतर तिथे घट जवळपास उरली नाही आणि बीएसएत उरली, तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

वेगवेगळ्या तापमानांचे रन जुलैत करणार असाल तर एक सांगतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. खोलीला एसी नसेल, तर १५ किंवा २० अंशांना नमुना ठेवायच्या क्युव्हेटच्या बाहेरून बाष्प धरतं, सिग्नल पडतो आणि ते हुबेहूब क्वेंचिंगसारखं दिसतं. क्युव्हेट होल्डरमध्ये कोरडा नायट्रोजन सोडा, नाहीतर सरळ २५, ३१ आणि ३७ अंश घ्या.

रेणू नेमका कुठे बसतो हे हवं असेल तर बीएसएपेक्षा एचएसए (माणसाचं ॲल्ब्युमिन) बरं. बीएसएत १३४ आणि २१३ या क्रमांकांवर दोन ट्रिप्टोफॅन आहेत, एचएसएत एकटा २१४ वर. वॉरफरिन आणि आयबुप्रोफेन या, प्रोटीनवरच्या जागा ठाऊक असलेल्या औषधांशी स्पर्धा लावून साइट ठरवा. आयटीसी (बाइंडिंगची उष्णता मोजणारं उपकरण) मिळत नसेल तर इक्विलिब्रियम डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून मोकळं मँगिफेरिन आरपार जाऊ देणं) करून बाइंडिंगचा स्थिरांक पडताळा. त्याला पिशवी आणि यूव्ही एवढंच लागतं.