शनवारी मशिदीत? बेने इस्राएलांची 'मशीद', हजान आणि सिनेगॉग

प्रश्न थोडक्यात असा. रेवदंड्याच्या एका गृहस्थांच्या आठवणींची वही टंकित करताना एका बाईंना हे वाक्य अडलं: "माझा इस्राएली सोबती शनवारी मशिदीत जाई व दुपारी हजानमास्तरांकडे हिब्रू वाचावयास शिके." शंका तीन आहेत. इस्राएली मुलगा मशिदीत कसा जाईल? 'हजान' म्हणजे 'अजान' लिहिताना चुकलंय का? आणि पुस्तक छापताना 'मशीद' काढून 'सिनेगॉग' घालावं, की सरळ 'यहुदी मंदिर'?

आधी उत्तर देऊन टाकतो: वाक्यातलं एक अक्षरही बदलू नका. वही लिहिणाऱ्याने जे ऐकलं तेच लिहिलंय, आणि बरोबर लिहिलंय.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. ते आपल्या प्रार्थनास्थळाला, म्हणजे सिनेगॉगला, मशीद म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवीत उभं राहिलं. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधलं अशी परंपरा आहे. त्याचं हिब्रू नाव 'शाआर हारहमीम', दयेचं द्वार. पण समाजात ती 'जुनी मशीद'. पुढे १८४०च्या दशकात दुसरं सिनेगॉग झालं, ती 'नवी मशीद'. या दोन नावांत कुणालाही काही खटकत नव्हतं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरूनच पडलं असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. तसं असेलही. पण त्या भागात मुसलमानांच्याही जुन्या मशिदी आहेत, तेव्हा यावर मी पैज लावणार नाही. सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मात्र दिवेकरांचंच, त्यात वाद नाही.

मशीदच का, याचं कारण त्यांच्या बाकीच्या शब्दांत सापडतं. जुन्या बेने इस्राएल बोलीत धर्मकृत्यं करणारा माणूस 'काजी'. उपास म्हणजे 'रोजा'. यहुदी पंचांगातल्या एलूल महिन्यातल्या उपासांना चक्क 'रमजान'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा जो उपास, तो 'बिरड्याचा रोजा', म्हणजे त्या निमित्ताने शिजणाऱ्या वालाच्या बिरड्यावरून पडलेलं नाव. यातला 'रोजा' फारसी आणि 'बिरडं' अस्सल कोकणी स्वयंपाकघरातलं. सणांची नावं तर पुरती मराठी: 'नव्याचा सण', 'दारफाळणीचा सण', 'खिरीचा सण'. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, कुणाला न शिवता उपास करायचा, म्हणून ते नाव.

ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. एका गावात घर-दोन घरं, भोवती हिंदू आणि मुसलमान. अमूर्त, एकच देव मानणाऱ्यांच्या धर्मव्यवहाराला लागणारे शब्द कोकणच्या मराठीत तयार होते, ते मुसलमान शेजाऱ्यांच्या तोंडचे. तेच उचलले. जिथे मूर्ती नाही आणि माणसं जमून प्रार्थना करतात, ती मशीद. एवढा साधा हिशेब.

असं करणारे ते एकटेच नाहीत. कोचीच्या यहुद्यांचा शब्द 'पळ्ळि'. मलयाळममध्ये मशीदही पळ्ळि, चर्चही पळ्ळि आणि मट्टनचेरीचं १५६८चं परदेशी सिनेगॉगही पळ्ळिच. इथिओपियाचे बेटा इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला 'मेसगिद' म्हणत. तिथेही तेच धातूचं घराणं: अरबी 'सजद', वाकून नमस्कार करणं, त्यावरून 'सजदा' आणि सजदा करण्याची जागा ती 'मस्जिद'. हा धातू अरबीची खाजगी मालमत्ता नव्हे. इजिप्तमध्ये नाईलवरच्या एलिफंटाइन बेटावर इसवी सनापूर्वी ५व्या शतकात यहुदी शिपायांची वस्ती होती. त्यांच्या अरामी कागदपत्रांत 'मसगदा'ची शपथ घेतलेली सापडते. इस्लामचा उदय व्हायला तेव्हा हजारभर वर्षं बाकी होती. हिब्रूतही 'सागद' क्रियापद आहे. गंमत अशी की यशया संदेष्टा ते वापरतो लाकडाच्या मूर्तीपुढे लोटांगण घालणाऱ्यांची खिल्ली उडवायला.

आता दुसरी शंका. हजान आणि अजान यांचा काही संबंध नाही. हजान (कोणी 'हझान' लिहितात, हिब्रू उच्चार घशातला 'ह') म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा. तो रब्बी, म्हणजे शास्त्र शिकलेला धर्मगुरू, असेलच असं नाही. बेने इस्राएलांकडे तर पिढ्यान् पिढ्या रब्बी नव्हतेच, सगळा कारभार हजानच्या गळ्यात. सोबतीला मुकादम म्हणजे जमातीचा प्रमुख, हिशेब ठेवणारा गब्बाय आणि झाडलोट-दिवाबत्ती पाहणारा शमाश. मुकादम हा शब्द आपल्याला गोदीतला नाहीतर ऊसतोडीच्या टोळीवरचा वाटतो, पण इथे तो मानाचा.

त्या वहीत हजानला 'मास्तर' जोडलंय, ते मला फार आवडलं. हजानचं शिकवणं हे मागाहून चिकटलेलं काम नाही. मिश्ना हा यहुदी धर्मशास्त्राचा इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेला ग्रंथ. त्यात शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, नियम सांगताना म्हटलंय की शुक्रवारी रात्री दिव्याच्या उजेडात वाचत बसू नये, कारण वाचनाच्या नादात माणूस वात सारायला जाईल. मात्र मुलं कुठवर वाचताहेत हे हजानने पाहिलं तर चालेल, त्याने स्वतः वाचू नये. म्हणजे आज आपण हजान म्हटलं की गळ्याने गाणारा माणूस डोळ्यांपुढे आणतो, पण या नियमातला हजान मुलांच्या पाटीवर वाकलेला पंतोजी आहे.

आणि सिनेगॉग या जागेचा स्वभावही मुळात तसाच आहे. हिब्रू नाव 'बेत क्नेसेत', जमण्याचं घर. इस्राएलच्या संसदेचं 'क्नेसेत' हे नाव त्याच धातूचं. ग्रीक भाषेत त्याचा शब्दशः 'सिनागोगे' झाला, एकत्र येणं, आणि तो फिरत फिरत इंग्रजीमार्गे आपल्याकडे 'सिनेगॉग' होऊन आला. प्रार्थनेचं घर म्हणायचं तर 'बेत तेफिला', अभ्यासाचं घर म्हणायचं तर 'बेत मिद्राश'. पैकी अभ्यासाच्या घराचा मान जास्त: सिनेगॉगचं बेत मिद्राश करायला धर्मशास्त्राची परवानगी आहे, उलटं करायला नाही. पूर्व युरोपातले यहुदी यिद्दिशमध्ये सिनेगॉगला 'शूल' म्हणतात, म्हणजे शब्दशः शाळा. व्हेनिसच्या गेटोतली सिनेगॉगं 'स्कोला' म्हणूनच ओळखली जातात. मलयाळम-तमिळमध्ये तर शाळेलाच 'पळ्ळिक्कूडम्' म्हणतात, त्यातला 'पळ्ळि' आपल्याला आत्ताच भेटला. जिथे देवाचं नाव घ्यायचं तिथेच मुलांनी अक्षरं गिरवायची, हे बऱ्याच भाषांनी नावातच नोंदवून ठेवलंय.

कोकणात हे शिक्षण जरा वळणावळणाने आलं. दाविद राहाबी नावाचा यहुदी कोकणात आला तेव्हा या शनवार तेल्यांना फक्त 'शेमा' ही श्रद्धावचनाची प्रार्थना येत होती, असं परंपरा सांगते. सुंता होती, शब्बाथ होता, खवले नसलेला मासा न खाण्याचा दंडक होता. ग्रंथ नव्हता. राहाबीने तीन तरुण निवडून त्यांना शिकवलं आणि काजी केलं, त्यांची घराणी झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर. पुढे कोचीचे यहुदी शिक्षक आले. आणि मग आले मिशनरी! स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं, ते मुख्यतः बेने इस्राएलांसाठीच. हेतू धर्मांतराचा. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, बायबलचं मराठी भाषांतर घेतलं आणि हातावर मोजण्याइतके अपवाद सोडले तर धर्म काही सोडला नाही. विल्सनसाहेबांच्या गुंतवणुकीवर लाभ भलत्याच खात्यात जमा झाला.

या व्याकरणावर वाढलेल्या पिढीने मग स्वतः लिहायला घेतलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडण म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्री घरी वाचायची 'हाग्गादा' १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, चित्रांसकट. त्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका वल्हांडणाची तयारी करताना दिसतात. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली शाळा निघाली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. १८८०च्या सुमारास मुंबईत मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली, पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, आर्या, साकी असं सगळं यथासांग. ज्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं त्यांचं, म्हणजे बहुतेक सगळ्या बायकांचं, धर्मशिक्षण या कीर्तनांनी केलं. हे मला मशिदीतल्या वर्गाइतकंच महत्त्वाचं वाटतं, पण तो वेगळा विषय.

वहीतल्या मुलाने दुपारी काय वाचलं असेल? 'आलेफ-बेत' म्हणजे मुळाक्षरं, मग शेमा, मग तोरातला, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतला, आठवड्याचा भाग. मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मिझवा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने तो जाणता होतो, आणि मग 'मिन्यान'मध्ये, म्हणजे सार्वजनिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, तो धरला जातो. त्या दिवशी त्याला तोरा वाचावी लागते, आणि खरी मेख इथे आहे. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात. 'कमल', 'कोमल' आणि 'किमल' सगळं 'कमल' असंच दिसलं तर मराठी मुलाची जी गत होईल, ती या मुलाची. वर वाचन ठराविक सुरात करायचं, ते सूरही गुंडाळीत लिहिलेले नाहीत. छापील पुस्तकातून सगळं घोकून जायचं आणि मग नुसत्या व्यंजनांपुढे उभं राहायचं. लांब गावातल्या कुटुंबांना हे जमेना, म्हणून देवनागरीत हिब्रू प्रार्थना छापलेली पुस्तकं निघाली. एरवी उजवीकडून डावीकडे जाणारं हिब्रू इथे डावीकडून उजवीकडे धावणारं! कर्मठांनी नाकं मुरडली असतील, पण त्या पुस्तकांनी कितीतरी घरांत प्रार्थना जिवंत ठेवली.

इमारतीच्या आतले शब्दही वहीत पुढे भेटतील, म्हणून सांगून ठेवतो. 'हेखाल' म्हणजे जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीतलं पडदा लावलेलं कपाट, त्यात तोराच्या गुंडाळ्या लाकडी नळकांड्यांत उभ्या ठेवलेल्या. 'तेबा' म्हणजे मधोमध कठडा घातलेला ओटा, त्यावरून हजान प्रार्थना चालवतो. भिंतीकडे एक रिकामी खुर्ची असते, तिच्यावर बसायचं नाही. ती एलियाहू संदेष्ट्याची, सुंतेच्या वेळी तो हजर असतो ही श्रद्धा. याच एलियाहूच्या नावाने 'मलिदा' होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, भोवती फळं मांडलेलं ताट, आणि 'एलियाहू हन्नाबी' हे गाणं. 'मलिदा' हाही फारसी शब्द, दर्ग्यावरचा. एलियाहूच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उमटली आहे असं मानतात आणि नवस फेडायला आजही लोक तिथे मलिदा घेऊन जातात.

राहता राहिला 'मंदिर' आणि 'देऊळ'चा प्रश्न. पुण्यातलं दाविद ससून यांनी बांधलेलं ओहेल दाविद सिनेगॉग सगळ्या शहराला 'लाल देऊळ' म्हणून माहीत आहे. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, रिक्षावाल्याला हेच नाव सांगा. पण ते बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे आणि ती इमारत बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, यहुद्यांची आहे. लिखाणात सिनेगॉगला 'यहुदी मंदिर' म्हणणं मला चूक वाटतं, कारण यहुदी परंपरेत मंदिर एकच, जेरुसलेमचं. तिथे याजक होते, होमबली होते. रोमनांनी ते इसवी सन ७०मध्ये पाडलं, त्यानंतर दुसरं झालं नाही, आणि सिनेगॉगमध्ये बळी दिला जात नाही. बिरड्याचा रोजा ज्या मंदिरासाठी धरायचा, ते मंदिर आणि कोपऱ्यावरचं सिनेगॉग यांना एकच शब्द लावला तर पुढच्याच पानावर घोटाळा होईल. मराठी बायबलात 'सभास्थान' आहे, तो बेत क्नेसेतचा नेमका प्रतिशब्द. पण त्याला ख्रिस्ती भाषांतराचा वास आहे आणि सभा म्हटलं की आपल्याला आधी माईक आठवतो. 'प्रार्थनालय' चालेल, गुळमुळीत आहे इतकंच.

तेव्हा तुमच्या प्रस्तावनेत, टिपांत, तुमच्या स्वतःच्या वाक्यांत 'सिनेगॉग' वापरा, नपुंसकलिंगी: ते सिनेगॉग, ती सिनेगॉगं. वहीतल्या मजकुरात 'मशीद' राहू द्या आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीची तळटीप द्या: 'बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणत.' 'मशिदीत'मधला 'शि' ऱ्हस्वच. 'इस्राएली'लाही टीप लागेल, नाहीतर आजचा वाचक तो मुलगा तेल अविवहून आला समजायचा. आणि वहीत 'काजी' कुठे आला तर तो निकाह लावणारा आहे की केतुबा, म्हणजे यहुदी विवाहाचा करार, वाचणारा, हे आजूबाजूची आडनावं बघून ठरवा. झिराटकर, पेणकर, रोहेकर अशी नावं एकत्र दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका. कोकणात 'कर' सगळ्यांनाच लागतो.