एफिसस तर बघालच, पण प्रिएने चुकवू नका

प्रश्न : ताई, एप्रिलमध्ये आम्ही दोघं टर्कीला चाललोय, मुलगा इझमीरला नोकरीला आहे त्याच्याकडं. एफिसस हे जुनं ग्रीक-रोमन शहर बघायचंच आहे, पण तो म्हणतो प्रिएने पण बघा, आखून वसवलेलं ग्रीक गाव आहे. हिचे गुडघे दुखतात. जावं का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : काका, जावाच. मी एफिससच्या दुसऱ्या दिवशी गेले होते प्रिएनेला, आणि आठवणीत राहिलं ते हेच. एफिससला गर्दीतनं वाट काढत फिरावं लागतं, इथं पाइनच्या सावलीत दगडावर निवांत बसता येतं.

आपल्या कसब्यातल्या गल्ल्या कशा वळत वळत जातात, इथं तसं नाहीच. डोंगराचा उतार आहे तरी सगळे रस्ते काटकोनात, पूर्व-पश्चिम जाणारे बऱ्यापैकी सपाट आणि त्यांना छेदून वर चढणाऱ्या गल्ल्या म्हणजे चक्क दगडी पायऱ्या. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हे आखलंय! गाव तसं लहान, वस्ती 4-5 हजारांची धरतात, पण थिएटर, बाजारचौक, व्यायामशाळा, सभागृह सगळं आहे. त्या सभागृहात तीन बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे, सुमारे 640 माणसं मावायची. तिथं जरा बसाच, कारण आवाज न चढवता बोललं तरी समोरच्याला ऐकू जातं, मला तर उठावंसंच वाटेना.

वर अथेना या ग्रीक देवीचं देऊळ, त्याचे 5 खांब परत उभे केलेत. आर्किटेक्ट पिथिऑस, हॅलिकार्नासची ती प्रसिद्ध समाधी (प्राचीन सात आश्चर्यांतली एक) बांधणाऱ्यांतलाच. देवळाला अलेक्झांडरनं पैसा दिला, तसा कोरलेला दगड आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. देवळापासनं खाली बघा, कापसाची सपाट शेतं दिसतील, तिथं एकेकाळी समुद्र होता. मेंडेरेस नदीनं गाळ आणून आणून खाडी बुजवली, बंदर गेलं आणि हळूहळू गावच ओस पडलं.

आता काकूंच्या गुडघ्यांचं. पार्किंगपासनं वर यायचा चढच मोठा आहे, तो सकाळी लवकर, थांबत थांबत चढा, काठी असू द्या. वर आल्यावर आडव्या रस्त्यांनीच फिरा. थिएटरला पहिल्या रांगेत मानकऱ्यांच्या संगमरवरी खुर्च्या आहेत, काकूंना तिथंच बसवा, वरच्या पायऱ्या चढायची गरज नाही. पाणी आणि टोपी खालनंच घेऊन जा. सोके गावातनं प्रिएनेच्या पायथ्याच्या गुल्लुबाहचे गावाला मिनीबस असते, पण मुलाची गाडी असेल तर तीच बरी, म्हणजे त्याच दिवशी जवळचं मिलेटस हे जुनं ग्रीक शहर पण होईल. फक्त प्रिएनेला निदान 3 तास द्या.