नाळेच्या आणि वारेच्या रक्तातून कर्करोगविरोधी पेशी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतील आणि वारेतील रक्तापासून कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पेशी तयार करता येतात, असे वाचनात आले. या पेशी त्या रक्तात मुळातच असतात, की प्रयोगशाळेत घडवाव्या लागतात?

उत्तर : असतात, पण जशा असतात तशा उपयोगी पडत नाहीत. आपण वाचलेल्या पेशी बहुधा ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके पेशी असाव्यात. 1975 च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना शत्रूची आधी ओळख करून द्यावी लागत नाही. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची खूण असते आणि ती दिसली की एनके पेशी थबकते. या खुणेच्या आधारे शत्रू ओळखणाऱ्या टी पेशींना (रोगप्रतिकारक पेशींचा दुसरा प्रकार) चुकवण्यासाठी कर्करोगाच्या पेशी अनेकदा हीच खूण लपवतात आणि त्यामुळेच एनके पेशींच्या तावडीत सापडतात. मग एनके पेशीतील परफोरिन हे प्रथिन त्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते, त्यातून ग्रॅन्झाइम हे विकर आत शिरते आणि पेशी स्वतःच मोडून पडते.

नाळेच्या रक्तातील एनके पेशी मात्र अननुभवी असतात आणि त्यांची मारकशक्ती प्रौढांच्या पेशींपेक्षा कमी भरते. इंटरल्यूकिन-2 किंवा 15 ही पेशींना चेतवणारी संदेशप्रथिने दिली की ही उणीव बहुतांशी भरून निघते. संख्येची अडचण त्याहून मोठी आहे. म्हणून गोठवून ठेवलेली रक्ताची पिशवी वितळवल्यावर प्रतिपिंड लावलेल्या चुंबकीय कणांच्या साहाय्याने आधी टी पेशी बाजूला काढतात, कारण दुसऱ्याच्या टी पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवू शकतात. उरलेल्या एनके पेशींना के562 या पेशींच्या सोबतीने वाढवले जाते. गंमत अशी, की के562 हा मुळात एका रुग्णाच्या रक्ताच्या कर्करोगातून निघालेला पेशीवंश आहे. त्याच्यावर एचएलएची खूण जवळपास नसते, म्हणून तो एनके पेशींना चिथावतो. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर इंटरल्यूकिन-21 आणि 4-1बीबी लिगँड ही एनके पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने बसवलेली असतात आणि स्वतःची वाढ होऊ नये म्हणून त्याला आधी किरणोत्सर्ग दिलेला असतो. साधारण दोन आठवड्यांत एनके पेशी शेकडो पटींनी वाढतात.

दुसरी वाट लांबची आहे. नाळेचे रक्त काढून घेतल्यावरही वारेच्या रक्तवाहिन्यांत बरेच रक्त अडकून राहते, ते निर्जंतुक क्षारद्रव सोडून धुऊन काढता येते. या रक्तातील सीडी34 खुणेच्या मूळपेशींना निरनिराळे वाढघटक ठरावीक क्रमाने देत राहिले, की सुमारे पाच आठवड्यांत त्यांच्यापासून नव्या एनके पेशी घडतात.

प्रश्न : परक्या बाळाच्या पेशी रुग्णाला चालतात का? प्रत्यक्ष परिणाम कसे आहेत?

उत्तर : टी पेशी काळजीपूर्वक काढल्या असतील, तर एनके पेशींकडून रुग्णाच्या शरीरावर हल्ला होण्याची शक्यता फार कमी असते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील केटी रेझवानी यांच्या गटाने नाळेच्या रक्तातील एनके पेशींवर सीडी19 ही काही कर्करोगपेशींवरील खूण ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवला आणि त्या पेशी अधिक काळ टिकाव्यात म्हणून त्यांत इंटरल्यूकिन-15 चे जनुकही घातले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पेशी दिलेल्या, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा रक्ताचा कर्करोग असलेल्या 11 पैकी 8 रुग्णांनी प्रतिसाद दिला आणि त्यांपैकी 7 जणांत रोगाची लक्षणे पूर्ण मावळली; टी पेशींच्या अशाच उपचारात दिसणारे सायटोकाइनचे वादळ (रोगप्रतिकारक यंत्रणेचा धोकादायक भडका) किंवा मेंदूवरील दुष्परिणाम आढळले नाहीत. मात्र 11 हा आकडा लहान आहे आणि काही रुग्णांना नंतर इतर उपचारही मिळाले होते.

त्याच गटाने 2024 मध्ये 37 रुग्णांची माहिती दिली, तेव्हा प्रतिसादाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. एका वर्षानंतर सुमारे 68 टक्के रुग्ण हयात होते, पण रोग न वाढता राहिलेले सुमारे 32 टक्केच. या अभ्यासातील मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. रक्त गोळा केल्यापासून 24 तासांच्या आत गोठवलेल्या आणि केंद्रकयुक्त (अपरिपक्व) लाल पेशी कमी असलेल्या पिशव्यांपासून बनवलेल्या पेशींनी रुग्णांना अधिक लाभ दिला. म्हणजे पुढची प्रक्रिया कितीही काटेकोर असली, तरी बराचसा निकाल प्रसूतीनंतरच्या पहिल्याच दिवशी ठरून गेलेला असू शकतो.

हे सारे लिम्फोमा आणि रक्ताच्या कर्करोगाबद्दल झाले. घट्ट गाठींमध्ये टीजीएफ-बीटासारखी द्रव्ये एनके पेशींना निष्प्रभ करतात आणि त्यांना गाठीच्या आत पोहोचणेही कठीण जाते, त्यामुळे तेथील काम अजून बरेच मागे आहे.

प्रश्न : मग आमच्या होणाऱ्या बाळाचे रक्त खाजगी पेढीत साठवावे का?

उत्तर : केवळ या कारणासाठी नको. वरील पेशी दान केलेल्या रक्तापासून बनलेल्या आहेत आणि त्या रुग्णाच्याच रक्तापासून बनवण्याची गरज नसते. शिवाय बालपणी होणाऱ्या काही ल्युकेमियांची (रक्ताच्या कर्करोगांची) बीजे जन्माच्या वेळीच रक्तात असू शकतात, तेव्हा स्वतःचे साठवलेले रक्त तेथे उपयोगाचे नसते. सार्वजनिक पेढीला दान करण्याची सोय असल्यास अवश्य करावे. मात्र अधिक रक्त मिळावे म्हणून नाळ घाईने बांधू देऊ नये. किमान एक मिनिट थांबून नाळ बांधावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि तेवढ्या वेळात बाळाकडे जाणारे रक्त बाळाच्याच कामाचे असते.