पुठ्ठ्यावरची भोकं आणि तुझं नाव

सोलापूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बारा चित्रं नीट पाहिली. गिरणीची चिमणी, नंदीध्वज, चादरीवरचा मयूरपंख. हात चांगला आहे. पण या चित्रांतून गावाची ओळख पटते, तुझी नाही. सोबतच्या चिठ्ठीतलं एक वाक्य मात्र या सगळ्यांपेक्षा जिवंत आहे: ‘घरात तेलुगू, शाळेत मराठी, मग आपण नेमके कुठले?’ आपल्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतल्या, कितीतरी घरांत हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर रंगवायला बसू नकोस. तीन महिने सगळी चिन्हं बाजूला ठेव. एक वस्तू, एक नियम, एवढंच धर.

सुरुवात जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या, पुठ्ठ्यापासून कर. माग बंद असेल त्या दिवशी कारखान्यात जा आणि मालकांना विचारून रद्दीत काढलेले पुठ्ठे माग. चालू डिझाइनचे नकोत, त्यावर त्यांचं पोट आहे. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. भोक असेल तिथे ताण्याचा उभा धागा उचलला जातो, पुठ्ठा कोरा असेल तिथे तो खालीच राहतो. हे समजून, पुठ्ठ्यावर कागद ठेवून वरून घासून ठसा घेतलास तर पुढे कुठली रेघ उचलायची आणि कुठली सोडायची, हे ठरवायला एक पद्धत हाताशी येते. नाहीतर ती नुसती ठिपक्यांची नक्षी.

ठशाला ६० ते ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घे. चित्रकलेचा कार्ट्रिज कागद जाड पडतो, भोकाची कड उमटत नाही. कागद समोरासमोरच्या दोन कडांना मास्किंग टेपने पक्का कर. एकाच बाजूला चिकटवला तर घासताना सरकतो आणि प्रत्येक भोकाला दोन-दोन कडा येतात. ६बी ग्राफाइटची कांडी किंवा काळा मेणखडू आडवा धर. टोक भोकात घुसून कागद फाडतं. पहिला हात अगदी हलका, मग त्याच दिशेने तीन-चार थर. टेप लगेच काढ. आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात गोंद कागदात मुरतो आणि टेपबरोबर कागदाची सालही निघते.

आता मुख्य काम. चादर उलटून बघ: पुढे जो रंग नक्षीचा, तो मागे जमिनीचा. तसाच ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी वापर. ए३ आकार, ९० जीएसएमच्या आसपास. पुढून देवनागरीत तुझं नाव, मागून तेलुगूत, दोन्ही डोळे मिटून. देवनागरीत शिरोरेषा आधी ओढ आणि अक्षरं तिला टांग. तेलुगूला अशी दांडी नाही. गोल वळणं आपापली उभी असतात, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टूची छोटी खूण तेवढी. कागद उजेडाला धरलास की मागचं नाव उलटं दिसेल आणि दोन्ही रेघा कुठे एकमेकींना छेदतात तेही. ते छेद गडद कर, बाकीचं तसंच राहू दे.

तेलुगू लिपी येत नसेल तर लपवू नकोस. घरात रोज बोलायची भाषा लिहिता येत नाही, हे कितीतरी जणांचं आहे, आणि तुझ्या विषयाचा गाभा तिथेच सापडेल असं मला वाटतं. छापील अक्षर गिरवू नकोस. घरात आजी-आजोबांपैकी कुणाला येत असेल तर त्यांच्या हातचं वळण घे. न येणाऱ्या अक्षराजवळ हात थबकतो, दाब वाढतो, रेघ जाड होते. ती खोडायची नाही. असे तीस कागद कर. पहिले काही फार नेटके होतील. हात सवयीचा झाला की दुसऱ्या हाताने काढ. ओली शाई टाळ, ट्रेसिंग पेपर फुगून लाटा येतात; २बी पेन्सिल पुरे.

चित्रकार झरीना हाश्मींचं काम जरूर पाहा. १९३७ साली अलीगढला जन्म, पुढचं आयुष्य देशोदेशी. १९९९ मध्ये त्यांनी घर या विषयावर ३६ काष्ठठशांची, म्हणजे लाकडावर कोरून कागदावर उमटवलेल्या चित्रांची, मालिका केली. प्रत्येक ठशात उर्दूतला एक शब्द: घर, उंबरठा असे. आणि सोबत मोजक्या काळ्या रेघा. आधी शब्दांची यादी, मग चित्र. तूही स्वयंपाकघरातले, भांडणातले, लाडाचे असे बारा तेलुगू शब्द काढ, ज्यांना मराठी प्रतिशब्द वापरावासा तुला कधीच वाटत नाही. यादीला आठवडा लागला तरी लागू दे.

सुताने शिवायचा मोह होईलच. २२० जीएसएमचा कागद घे आणि आधी सुईने भोकं पाड, दोन भोकांत पाच मिलिमीटर अंतर ठेवून. त्याहून जवळ गेलास तर कागद तिकिटासारखा फाटतो. धागा ओढून ताणला की कागद वाटीसारखा वळतो.

मेणखडूचे ठसे पत्र्याखालच्या खोलीत एकावर एक रचू नकोस, उन्हाने मेण मऊ होऊन चिकटतात. मध्ये बटर पेपर घाल. प्रत्येक कागदामागे तारीख, नियम आणि वस्तू कुणाकडची ते पेन्सिलीने लिही.

पहिले दहा कागद झाले की पाठव, काढले त्याच क्रमाने, फसलेलेसुद्धा.

तुझ्या कागदांच्या प्रतीक्षेत.