सतरा वर्षांच्या मुलानं ८००-१५०० मीटरच पळावं की मॅरेथॉनकडे वळावं? यात करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय तो तुमचा सतरा वर्षांचा भाऊ चिकोडीकडं ८०० आणि १५०० मीटर पळतो आणि गावातली माणसं म्हणतात, "मॅरेथॉनला घाल, बक्षिसं मिळतील." घालू नका.

आमच्याकडं जत्रांचे दिवस आले की रस्त्यावरच्या शर्यती सुरू. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, रोख रक्कम आणि ढाल. मी तेव्हा १५०० पळायचो. रविवारी पहाटे मामा दारात मोटारसायकल लावून हॉर्न मारायचे. कधी खानापूर, कधी सीमा ओलांडून महाराष्ट्रातलं चंदगड. राज्य स्पर्धा जवळ आलीय म्हटलं की उत्तर ठरलेलं : "तिथं बेंगळुरात कोण पैसे देतंय तुला? इथं हातात मिळतंय की."

मग नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, एक जागा दुखायला लागली. नेमकं तिथं बोट ठेवलं की मस्तकात कळ. एक्स-रेत काही आलं नाही. मामांनी तो खिडकीच्या उजेडात धरून घरभर दाखवला, "बघा, हाड ठणठणीत!" ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी पळत राहिलो. दुसऱ्या एक्स-रेत चीर स्वच्छ दिसली. राज्य स्पर्धेसाठी काढलेलं बेंगळुरूच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट रद्द केलं. तिथलं कंठीरवा स्टेडियम मी अजून आतून बघितलेलं नाही.

मामा फडेप्पा चौगुलेंचा दाखला द्यायचे. बेळगावचा माणूस, १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १९वा आला. खरंच अभिमानाची गोष्ट. पण ते रविवारच्या ढालीसाठी पळत नव्हते, मामा!

१५०० म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या, आणि निकाल लागतो शेवटच्या तीनशे मीटरमध्ये. तो वेग याच वयात अंगात मुरतो. दर आठवड्याला डांबरावर दहा किलोमीटर जीव काढून पळणाऱ्या पोराचे पाय ट्रॅकवर जड पडतात. वेगवान पोराला पुढं ५००० ला नेता येतं, उलटं सहसा जमत नाही. आणि उशीर कसला होतोय? बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहून आला, २०१५ ला क्रॉसकंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतीत, उतरला आणि स्टीपलचेस, म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत, त्याच्याही नंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य.

करिअरचं म्हणाल तर नुसत्या पळण्यावर पोट भरणारे बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांना सैन्य, रेल्वे, पोलिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे, पण भरतीचे सोळाशे मीटर आणि १५०० ची शर्यत यांचा सराव वेगळा. भरतीला ठरलेल्या वेळेत आलात की झालं, शर्यतीत समोरच्याला मागं टाकावं लागतं.

घरची खरंच अडचण असेल तर वर्षात एखाद-दुसरी रस्त्यावरची शर्यत पळू दे, मी कोण नको म्हणणारा. क्रॉसकंट्रीला तर जरूर पाठवा, मातीवर पळणं पायाला चांगलं. आणि मी काही कोच नाही, जिल्ह्याच्या कोचला एकदा दाखवा.

माझ्या मामेभावानं आता स्वतःच्या पोराला दहा किलोमीटरला उतरवलंय म्हणे. तो इथं वाचत असतो. अरे, तुझ्या बापाला सांगून थकलो मी. त्या पोराला आधी आठशे तरी नीट पळू दे की.