वाचकांचे प्रश्न : कप्पी, दोर आणि ताण

प्रश्न : छताच्या हुकाला अडकवलेल्या एकाच कप्पीवरून दोर घेऊन २० किलोग्रॅमचे ओझे अधांतरी धरले, तर हुकावर ४० किलोग्रॅमचा भार येतो असे सांगतात. ओझे २० किलोग्रॅमचेच असताना उरलेला भार येतो कुठून?

उत्तर : तो आपल्या हातांतून येतो. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू, म्हणजे ओझ्याचे वजन २०० न्यूटन होईल. दोर हलका असेल आणि कप्पी विनासायास फिरत असेल, तर कप्पीच्या दोन्ही बाजूंना दोरातला ताण सारखाच, २०० न्यूटन, असतो. तो कमीअधिक असता तर कप्पी स्थिर न राहता फिरू लागली असती. आता बाकी सगळे विसरून केवळ कप्पीकडे पाहावे. ओझ्याकडचा दोर तिला २०० न्यूटनने खाली ओढतो, आपल्या हातातला दोरही तेवढ्याच बलाने खाली ओढतो, आणि या दोघांना तोलून धरणारा हूक मात्र एकटाच आहे. तेव्हा त्याच्या वाट्याला ४०० न्यूटन येतात.

हा हिशेब पडताळूनही पाहता येतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाने वजनकाट्यावर उभे राहून तो दोर सरळ खाली ओढून धरला, तर काटा ४० दाखवतो, कारण दोर त्याला २०० न्यूटनने वर उचलत असतो. जमिनीवरचा भार जेवढा घटला तेवढा हुकावर वाढला. हाच दोर खाली न ओढता आडवा ओढला, तर हुकावरचे बल सुमारे २८३ न्यूटन भरते, पण ते तिरपे असते, आणि केवळ उभ्या भारासाठी बसवलेल्या हुकाला ते मानवेलच असे नाही.

प्रश्न : जितक्या कप्प्या जास्त, तितक्या पटीने जोर कमी, हा नियम बरोबर आहे का? आर्किमिडीजने कप्प्यांच्या साहाय्याने भरलेले जहाज एकट्याने ओढल्याची कथा प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. म्हणजे पुरेशा कप्प्या असल्या की कितीही मोठे ओझे हलवता येईल का?

उत्तर : नियम बरोबर नाही, आणि तो पाठ करून पुष्कळ विद्यार्थी गणिते चुकवतात. छताला दहा कप्प्या ठोकून त्यांच्यावरून दोर फिरवला तरी जोर रतिभरही वाचत नाही. उलट एकच चल कप्पी, म्हणजे ओझ्याबरोबर वरखाली जाणारी कप्पी, जोर निम्म्यावर आणते. म्हणून कप्प्या मोजू नयेत. ओझे आणि त्याच्यासोबत हलणाऱ्या कप्प्या यांच्याभोवती कागदावर एक बंद रेषा काढावी आणि ती रेषा एकाच सलग दोराचे किती भाग छेदते ते मोजावे. दोन भाग छेदले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे वजन येते, चार छेदले तर चतुर्थांश. चल कप्पीचे स्वतःचे वजनही या रेषेच्या आत येते हे विसरू नये : २० किलोग्रॅमच्या ओझ्याला २ किलोग्रॅमची कप्पी असेल तर लागणारे बल १०० नव्हे, ११० न्यूटन असते.

वाचलेल्या जोराची किंमत अंतरात मोजावी लागते. ओझे १ मीटर वर जायचे तर त्याला धरणारे दोन्ही भाग एकेक मीटरने आखूड व्हावे लागतात, म्हणजे आपल्याला २ मीटर दोर ओढावा लागतो; कार्य तेवढेच राहते.

आता ‘कितीही मोठे ओझे’ याविषयी. ओझे वर चढत असताना प्रत्येक कप्पीवर घर्षणामुळे ताणाचा दहावा हिस्सा खर्ची पडतो असे धरू. छताला बांधलेल्या कप्पीवरून दोर खाली ओढणाऱ्याच्या हातात १०० न्यूटन ताण असेल, तर तो पुढे ९०, मग ८१, मग ७२.९ आणि शेवटी ६५.६ न्यूटन उरतो. ओझ्याला धरणाऱ्या या चार भागांची बेरीज सुमारे ३१० न्यूटन होते. घर्षण नसते तर ती ४०० झाली असती. ही मालिका कितीही लांबवली तरी बेरीज ९०० न्यूटनच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे अशा कप्प्या शंभर लावल्या तरी जोराच्या नऊ पटींहून जास्त फायदा नाही! अधिक फायदा हवा असेल तर संख्या वाढवण्यापेक्षा कप्पी सुधारणे श्रेयस्कर : चाक मोठे, आस बारीक आणि तेल दिलेला, दोर लवचीक.

प्रश्न : स्थिर कप्पीवरून सोडलेल्या दोराला बसायची फळी बांधून, त्याच दोराचे दुसरे टोक स्वतः ओढत माणूस वर चढतो. स्थिर कप्पीने जोर वाचत नाही, तरी त्याला निम्माच जोर का लागतो?

उत्तर : बंद रेषा या वेळी माणूस आणि फळी या दोघांभोवती काढावी, म्हणजे उलगडा होईल. ती दोराचे दोन भाग छेदते : एक फळीला बांधलेला, दुसरा त्याच्या मुठीतला. माणूस ७० आणि फळी १० किलोग्रॅमची असेल तर एकूण वजन ८०० न्यूटन आणि ताण ४०० न्यूटन होतो. फळीवर त्याचा दाब केवळ ३०० न्यूटन पडतो, कारण उरलेले ४०० त्याने हातांनी पेलले आहेत. १ मीटर चढायला २ मीटर दोर हातांखालून जावा लागतो, हे इथेही आलेच.

अशी मांडणी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. माणूस स्वतः दोर धरून आहे तोवर हुकावर एकूण ८०० न्यूटन भार असतो. हात दुखले म्हणून त्याने तेच टोक खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या हाती दिले किंवा जमिनीतल्या खुंटीला बांधायला लावले, की छेदला जाणारा भाग एकच उरतो, ताण ८०० न्यूटन होतो आणि हुकावर १६०० न्यूटन येतात. वर बसलेल्याला हात मोकळे झाल्याचे आणि फळीवरचा दाब ३०० वरून ७०० न्यूटन झाल्याचे जाणवते, पण हुकावरचा भार दुप्पट झाल्याचे जाणवत नाही. म्हणून हूक, कप्पी आणि दोर निवडताना या दुप्पट भाराचाच हिशेब धरावा, आणि त्यावर सुरक्षिततेसाठी भरपूर वाव ठेवावा.